डॉप्लरच्या रिपोर्टात बाळाची झोपही लिहा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

नववा महिना लागला की 'एनएसटी नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह', 'मूत्रपिंडाच्या धमनीचा पीआय वाढलेला' अशा शेऱ्यांची फाइल घेऊन कुटुंबे कोथरूडहून हडपसरला दुसरे मत घ्यायला धावतात. एनएसटी म्हणजे पोटातल्या बाळाच्या हृदयाच्या ठोक्यांची नोंद; तीत ठोक्यांची अपेक्षित उसळी दिसली नाही की 'नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह' लिहितात. पीआय हा डॉप्लरने, म्हणजे रक्तप्रवाह मोजणाऱ्या सोनोग्राफीने, काढलेला आकडा; तो वाढला की प्रवाहाला अडथळा जास्त मानतात. तपासणीच्या वेळी बाळ झोपले होते की हालत होते, हे मात्र त्या फायलीत बहुधा नसते.

साधारण ३६ आठवड्यांनंतर बाळाच्या झोपेच्या-जागेपणाच्या चार अवस्था ओळखता येतात. नाइहाउस, प्रेख्टल आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये त्यांना १एफ ते ४एफ अशी नावे दिली. बाळाचा बहुतेक वेळ पहिल्या दोनांतच जातो. १एफ म्हणजे शांत झोप: डोळे स्थिर, ठोक्यांची रेघ जवळपास सपाट. २एफमध्ये डोळे फिरतात, हातपाय हलतात, ठोके मधूनमधून उसळी घेतात. बाळाच्या हृदयातून खाली उतरणाऱ्या महाधमनीचा (मुख्य रक्तवाहिनीचा) पीआय २एफमध्ये उतरतो, नाळेचा मात्र फारसा बदलत नाही. लघवी तयार होण्याचा वेगही अवस्थेनुसार बदलतो. मग दोन तपासण्यांतला फरक आजाराचा की झोपेचा, हे कसे ठरवणार?

मूत्रपिंडाचा डॉप्लर मुळातच नाजूक. गर्भाच्या हृदयातून निघालेल्या रक्तापैकी जेमतेम २ ते ३ टक्के तिकडे जाते. आईला सपाट उताणे झोपवू नये, थोडे कुशीवर घ्यावे. महाधमनी लांबीत दिसली पाहिजे आणि २-३ मिमीचा गेट (प्रवाह मोजण्याची खिडकी) मूत्रपिंडाच्या धमनीच्या अगदी उगमाशी ठेवावा. बाळाची छाती श्वासासारखी हलत असेल तर थांबावे, एकसारख्या चार-पाच लहरी मिळाल्याशिवाय मोजू नये. सर्वांत जास्त घोळ वॉल फिल्टरने, म्हणजे मंद गतीचे संकेत गाळणाऱ्या यंत्रातल्या सेटिंगने, होतो. तो चढा ठेवला की डायस्टोलमधला (हृदय सैल पडते तेव्हाचा) मंद प्रवाह कापला जातो आणि पीआय फुकट फुगतो.

बाळाचे मूत्राशय दिसले नाही तर अर्ध्या तासाने पुन्हा पाहावे. ते सुमारे तेवढ्या वेळात भरते-रिकामे होते. बाळाभोवतीचे पाणी खरेच कमी असेल, तर बाळाची वाढ खुंटली आहे का हे पाहण्याबरोबर आईने कंबरदुखीसाठी डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन घेतले होते का, हेही विचारावे. या गोळ्यांनी बाळाच्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा घटतो.

एनएसटी २० मिनिटांत समाधानकारक आला नाही, तर ४० मिनिटांपर्यंत चालू ठेवावा. 'पेढा खाऊन या' किंवा पोट हलवून बाळाला जागे करणे, याचा उपयोग होत नाही. आईच्या पोटावर ठेवायचे ध्वनिकंपनाचे उपकरण मात्र कामी येते.

उलट बाजूही आहे. निरोगी बाळाची शांत झोप क्वचितच ९० मिनिटांपलीकडे जाते. हालचाल कमी वाटत असताना 'झोपले असेल' म्हणत घरी बसू नये, त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

प्रत्येक रिपोर्टात एवढी एक ओळ असावी: तपासणीची वेळ, बाळ शांत की हालचालीत, श्वासाच्या हालचाली होत्या की नव्हत्या.

– एक सोनोग्राफीतज्ज्ञ, पुणे