तिकिटावर नाव नसतं

कोल्हापूर,
रविवार, रात्री उशिरा

प्रिय दिल्या,

तुझा व्हॉइस मेसेज तीनदा ऐकला. पहिल्यांदा हसू आलं, दुसऱ्यांदा राग आला. तिसऱ्यांदा लावल्यावर घरातून आवाज आला, "त्याला काय ते सविस्तर लिहून टाका, म्हणजे आम्हाला झोपता येईल." म्हणून हे पत्र. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, हेही एक कारण आहेच.

आपल्या इथल्या फुटबॉल मॅच सुटल्यानंतरच्या दगडफेकीचा व्हिडिओ कतारला, तुझ्या दोहापर्यंत पोचला, आणि तू तिथून फर्मान काढलंस: "आप्पा, २०२२ च्या वर्ल्ड कपला आम्हाला हय्या कार्ड होतं, प्रत्येक प्रेक्षकाचं ओळखपत्र. कार्ड नसेल तर गेटातून आत नाही. एक दगड पडला नाही. तुम्ही पण गेटवर आधार स्कॅन करा, हुल्लडबाज एका हंगामात गार पडतील."

तुला सांगतो, आठवड्याभरापूर्वी आपल्या फुटबॉलच्या तालमीत हाच विषय निघाला तेव्हा मी मान डोलावली होती. मी! गेली वीस वर्षं माहिती अधिकाराचे अर्ज टाकतोय, खाजगीपणावर कॉलेजात भाषणं ठोकतोय, आणि चहाचा कप हातात असताना म्हणालो, "करा की, काय हरकत आहे." कारण दगड आपल्याच एका पोराच्या डोक्यात बसला होता. सात टाके. डोक्यातनं रक्त येताना बघितलं की माणसाला राज्यघटना आठवत नाही.

मत बदललं ते घरी येताना. कोपऱ्यावर खारे शेंगदाणे घेतले. पुडी उलगडली तर आत एका पोराचा फोटो, जन्मतारीख, पत्ता आणि बारा आकडे. आधारची झेरॉक्स. पोरगा ओळखीचा निघाला. चार वर्षांपूर्वी आपल्या तालमीनं तेरा वर्षांखालच्या पोरांची स्पर्धा भरवली होती, त्यातला गोलकीपर. वय चोरतात म्हणून सगळ्यांच्या झेरॉक्स मीच मागितल्या होत्या. माझ्याच अक्षरात कोपऱ्यात "तपासले" लिहिलेलं, खाली माझी सही. फाईल तालमीच्या कपाटात ठेवली आणि विसरलो. दिवाळीच्या साफसफाईत कुणीतरी जुन्या पेपरांसोबत ती रद्दीत घातली. कुणाला बोलू? शेंगदाणेवाल्याला?

२०२२ च्या मे महिन्यात आधारच्या बंगळूर कार्यालयानं लोकांना सांगितलं होतं की झेरॉक्स कुठंही देऊ नका, द्यायचीच तर शेवटचे चारच आकडे दिसतील अशी द्या. दोन दिवसांत केंद्र सरकारनं ती सूचना मागं घेतली, म्हणे लोक चुकीचा अर्थ काढतील. अर्थ सरळ होता रे. तो कळून घ्यायला मला शेंगदाण्याची पुडी लागली.

आता तुझ्या कार्डाकडे येतो. तू सांगतोयस तो प्रयोग इंग्लंडात होता होता राहिला. १९८० च्या दशकात तिकडं प्रेक्षकांचा धिंगाणा आपल्यापेक्षा शंभर पटीनं होता. थॅचरबाईंच्या सरकारनं ठरवलं, प्रत्येक प्रेक्षकाला ओळखपत्र. १९८९ मध्ये कायदाही झाला. पण त्याच वर्षी १५ एप्रिलला शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्टची सेमीफायनल होती. बाहेर गर्दी तुंबली, पोलिसांनी मोठं गेट उघडलं आणि सगळा लोंढा एकाच बोगद्यातून आधीच भरलेल्या, जाळीनं बंद केलेल्या भागात शिरला. ९७ माणसं गेली. चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती टेलर यांनी जानेवारी १९९० च्या अहवालात ओळखपत्राच्या कल्पनेबद्दल गंभीर शंका घेतली. गेटवर एकेक कार्ड तपासत बसलात, एखादं यंत्र अडलं, तर मागची गर्दी कुठं जाईल? सरकारनं योजना गुंडाळली. तू आपल्या स्टेडियमची गेटं आठव. पाटाकडील तालीम विरुद्ध शिवाजी मंडळ अशी मॅच असली की पाऊण तास आधी तिथं काय अवस्था असते, आठव. त्यात एकानं बोट टेकवायचं, यंत्रानं "पुन्हा प्रयत्न करा" म्हणायचं. रेशन दुकानात म्हाताऱ्यांचे अंगठे उमटत नाहीत ते मी दर महिन्याला बघतो. तिथं मागं वीस माणसं असतात, इथं हजारो असतील.

पण मला हिल्सबरोमधलं खरं लागलं ते पुढचं. ती गोष्ट मी या आठवड्यात वाचत बसलो आणि दोन रात्री झोप उडाली. पोलिसांनी लगेच बोंब ठोकली की लोक दारू पिऊन आले, गेट त्यांनीच तोडलं. मेलेल्यांच्या रक्तातली दारू तपासली. लहान पोरांच्यासुद्धा. आणि ज्यांच्या रक्तात काही सापडलं, त्यांची नावं पोलिसांच्या राष्ट्रीय संगणकावर टाकून बघितली, मागं काही गुन्हा सापडतोय का म्हणून. दिल्या, माणूस मेला होता. त्याचा बाप शवागाराबाहेर उभा होता. आणि आत त्याची कुंडली काढणं चाललं होतं, का तर स्वतःची चूक त्याच्या नावावर घालता यावी.

हे बाहेर आलं कसं? २०१२ मध्ये स्वतंत्र मंडळानं साडेचार लाखांवर पानं लोकांसमोर ठेवली तेव्हा. त्यात दिसलं की १६४ पोलीस जबाबांमध्ये फेरफार झाले होते आणि ११६ जबाबांतनं पोलिसांना अडचणीचं बोलणं काढून टाकलं किंवा बदललं होतं. २०१६ मध्ये ज्यूरीनं सांगितलं, प्रेक्षकांचा काही दोष नव्हता. सत्तावीस वर्षं! कागद सरकारच्या कपाटात होते तोवर प्रेक्षक दारुडे होते. कपाट उघडलं आणि ते निर्दोष झाले.

कार्डिफचं तर हसावं का रडावं कळत नाही. जून २०१७, रियल माद्रिद आणि युव्हेंटसची चॅम्पियन्स लीग फायनल. रोनाल्डोचे दोन गोल आपण तालमीत बसून बघितले, तू सुट्टीला आला होतास. त्या वेळी वेल्सच्या पोलिसांनी चेहरा ओळखणारे कॅमेरे लावले होते. यंत्रानं २,४७० वेळा "हा बघा गुन्हेगार" म्हणून बोट दाखवलं. त्यातल्या २,२९७ वेळा ते चुकलं. आपल्या मैदानावर असा लाईनमन असता तर हाफ टाईमच्या आत त्याला घरी पोचवला असता. २०२० मध्ये तिथल्या अपील न्यायालयानं त्या पोलिसांचा कॅमेऱ्यांचा असा वापर बेकायदा ठरवला.

आणि तुझं हय्या. तेव्हा तू फायनलच्या दिवशी लुसैलमधनं फोटो पाठवला होतास, अंगावर अर्जेंटिनाची जर्सी, गळ्यात कार्ड. मी जळलो होतो, खोटं कशाला सांगू? इथं चौकात मेस्सीचा दोन मजली कटआउट लावून आम्ही पडद्यावर समाधान मानत होतो. पण त्याच्या महिनाभर आधी जर्मनीच्या माहिती संरक्षण कार्यालयानं आपल्या लोकांना सांगितलं होतं की हय्या आणि कोविडवर नजर ठेवणारं एहतेराझ ही दोन ॲप घ्यायचीच असतील तर वेगळा फोन न्या, ज्यात दुसरं काही नसेल. तू घेतलास का वेगळा फोन? तुझ्याकडं एकच आहे, काच फुटलेला, मला माहीत आहे. एक दगड पडला नाही म्हणतोस, ते खरं. पण तिथं तू पाहुणा आहेस. व्हिसा रद्द होईल म्हणून घसासुद्धा जपून ओरडतोस. इथं पोरं पेठेची आहेत. त्यांना परत पाठवायचं कुठं?

तू म्हणशील, लपवायचं काही नाही तर घाबरायचं कशाला. त्याचं उत्तर आपल्याच सुप्रीम कोर्टानं दिलंय. २४ ऑगस्ट २०१७, नऊ न्यायमूर्ती, एकमुखानं: खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. सरकारचे वकील उलट म्हणत होते, हे विसरू नकोस. सहा आठवड्यांनी भारतात सतरा वर्षांखालचा वर्ल्ड कप सुरू झाला आणि आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव देशाची जर्सी घालून उतरला. त्या वर्षी मला दोन्हींचा सारखाच आनंद झाला होता. वाटलं, आता दिवस फिरले.

फिरले, पण कुठल्या बाजूला ते बघ. त्या निकालानंतर सहा वर्षांनी, ऑगस्ट २०२३ मध्ये, माहिती संरक्षणाचा कायदा आला. तुझ्या माझ्या माहितीचं रक्षण करायला म्हणून. त्यात सरकारनं स्वतःसाठी पळवाट ठेवली: आपल्या हव्या त्या यंत्रणेला देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था वगैरे कारणांनी कायद्यातून सूट देता येते. आणि शेवटच्या पानांत ४४ व्या कलमात हळूच माहितीच्या अधिकाराला हात घातला. माहिती अधिकार कायद्यातलं कलम ८(१)(ञ) आधी काय होतं? एखादी माहिती वैयक्तिक असली तरी तिचा सार्वजनिक कामाशी संबंध असेल किंवा मोठं जनहित असेल तर द्यावी लागायची. शिवाय एक सोन्यासारखं वाक्य होतं: जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही, ती कुणालाच नाकारता येणार नाही. ते वाक्य गेलं. आता नुसतं "वैयक्तिक माहिती" म्हटलं की साहेब मोकळा. मोठं जनहित असेल तर माहिती देता येते, हे ८(२) कलम शिल्लक आहे, पण ते लावायचं का नाही हे साहेबच ठरवणार.

तारखांची गंमत बघ. नियम निघाले नोव्हेंबर २०२५ मध्ये. माहिती अधिकारावरचा घाव त्याच दिवशी लागू झाला. आणि तुझी माझी माहिती सांभाळायची जबाबदारी, ती फुटली तर कळवायचं बंधन, ती पुसायला सांगायचा हक्क? अठरा महिन्यांनी. कुलूप आधी, किल्ली दीड वर्षानं. फुटबॉलच्या भाषेत सांगायचं तर आपल्या गोलकीपरलाच फाऊल देऊन बाहेर काढलं आणि म्हणाले, घाबरू नका, पुढच्या हंगामात नवा आणतो.

मला लगेच अनुभव आला. एका मैदानाच्या हिरवळीवर झालेल्या खर्चाची बिलं मागितली होती. कुठलं मैदान ते लिहीत नाही, अपील चालू आहे. हिरवळ म्हणावी तर गुडघे फोडणारी खडी. उत्तर आलं, ठेकेदाराची वैयक्तिक माहिती असल्याने देता येत नाही. म्हणजे आपल्या गोलकीपरचे बारा आकडे शेंगदाण्यात, आणि आपल्या पैशातनं खडी टाकणाऱ्याचं नाव तिजोरीत.

आता तू विचारशील, आणि बरोबर विचारशील, की आप्पा, तुला एकीकडं सगळ्यांची माहिती झाकायची आहे आणि दुसरीकडं सगळ्यांची उघडायची आहे, हे कसं? हाच प्रश्न मला तालमीतल्या एका बावीस वर्षांच्या पोरीनं विचारला आणि मी गडबडलो. उदाहरण लाडक्या बहिणींचं घे. २०२४ च्या पावसाळ्यात योजना आली, महिना पंधराशे रुपये. पेठेतल्या बायकांचे अर्ज मी माझ्या फोनवरनं भरले, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत. वर्षभरानं बातमी आली की यादीत १४ हजारांहून जास्त पुरुष निघाले. मला तेव्हा वाटलं, सगळी यादी भिंतीवर लावा. पण त्या यादीत माझ्या गल्लीतली एक बाई आहे, जिनं नवऱ्याला न सांगता खातं काढलंय. तिचं नाव भिंतीवर लागलं तर तिचे पंधराशे त्याच संध्याकाळी गुत्त्यावर जातील. मग मी त्या पोरीला एवढंच म्हणालो: अर्ज कुणी मंजूर केला, कशाच्या आधारावर, पैसे किती गेले, हे सगळं उघडं पाहिजे. त्या बाईचं पासबुक नको. ती म्हणाली, "मग तुमच्या फोनमधले फोटो?"

माझ्या फोनमधले फोटो! दिल्या, अर्ज भरताना काढलेले ते सगळे फोटो गॅलरीत तसेच पडलेत. आधार, पासबुक, बायकांचे चेहरे, मधेच रंकाळ्यावरचा सूर्यास्त, मधेच पुतण्याचं बारसं. मोजले तर १३७ बायका. आणि तो फोन मी चार्जिंगला लावून तालमीत कुठंही सोडून जातो. आपण सरकारला नावं ठेवतो, पण सरकारला एवढी मोठी रद्दी जमवून देणारे हात आमच्यासारख्या कार्यकर्त्यांचेच की.

गेटवर आधारच्या याच विषयावर उद्या बैठक आहे. मी काय मांडणार ते ऐक, आणि जमलं तर हसू नकोस. गेटवर आधार नाही. प्रत्येक तालमीनं आपली दहा माणसं गेटवर उभी करायची, वयस्क, पोरांना नावानिशी ओळखणारी. ज्याच्या हातात दगड दिसेल त्याचा बाप कोण हे त्यांना स्कॅन करावं लागत नाही. दगड मारला तर पोलिसांनी त्या एकाला धरावं, पुराव्यानिशी. आठ हजार लोकांचे अंगठे कशाला? पोरांच्या स्पर्धेत जन्माचा दाखला टेबलावर बघायचा आणि पालकाच्या हातात परत द्यायचा, झेरॉक्स घ्यायची नाही. अर्धे लोक मला वेड्यात काढतील. ज्याला टाके पडले त्याचा बाप तर बोलायलाच उभा राहणार आहे, आणि त्याला मी काय उत्तर देणार हे मला अजून सुचलेलं नाही.

आज दिवसभर कपाट उपसत होतो. उरलेल्या झेरॉक्स फाडल्या आणि बादलीत भिजवून लगदा केला, जाळल्या तर धूर बघून शेजारी फोन लावतात. गॅलरी अजून पूर्ण झालेली नाही, ऐंशीपर्यंत आलोय. तळात तुझी फाईल सापडली, टीमचा मॅनेजर होतास तेव्हाची. आधारची झेरॉक्स, दोन पासपोर्ट फोटो, रक्तगट, सगळं. झेरॉक्स बादलीत गेली. फोटो मात्र ठेवलाय, त्यात तुझ्या डोक्यावर केस आहेत. पुसायला सांगायचा हक्क तुला अजून लागू झालेला नाही, तेव्हा गप बस.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
आप्पा