टिळक रोडच्या दादांना, भिंगाबद्दल

दादा, सप्रेम नमस्कार.

मी त्या लॅपटॉप दुरुस्तीला घेऊन आलेल्या दिवाळी अंकवाल्या काकू. तुम्ही काही विचारायच्या आधीच 'मदरबोर्ड बदलायचा नाहीये मला' असं भांडणाच्या सुरात म्हणाले होते, ती. तो सूर तुमच्यासाठी नव्हता. ज्यांच्यासाठी होता त्यांना तो ऐकवायचा राहून गेला, म्हणून तुमच्या वाट्याला आला. त्याबद्दल रागावला नाहीत, उलट खुर्चीवरचे खोके खाली ठेवून 'बसा आधी' म्हणालात.

आधीच्या दुकानाचं नाव घेत नाही. ४ जीबीच्या रॅमवर, म्हणजे मशीनच्या कामापुरत्या स्मरणपट्टीवर, अंक लावताना इनडिझाइन हे पानं लावायचं सॉफ्टवेअर जाहिरातींच्या पानांवर आलं की थिजायचं, म्हणून तिथे ८ जीबीची रॅम वाढवून मागितली. त्यांनी टाकली. बटण दाबलं की पंखा फिरायचा, कॅप्स लॉकचा दिवा लुकलुकायचा, स्क्रीन मात्र काळी ठिक्कर. लॅपटॉप पडद्यामागे गेला आणि बाहेर आला तो निकाल घेऊनच. 'रॅम आमच्या मशीनवर मस्त चालते, म्हणजे तुमचा स्लॉट उडालाय. मदरबोर्ड बदला. नाहीतर नवीनच घ्या ना काकू, विंडोज १० पण संपलं आता.' जुनी रॅम एकटी लावली तर हाच लॅपटॉप सुरळीत चालू होतो, मग बिघाड नक्की कुठे, एवढंच मी विचारलं. 'टेक्निकल असतं ते,' असं उत्तर मिळालं. ऐन हंगामात, अर्धा अंक लावायचा बाकी असताना, मदरबोर्डच्या किमतीचा आकडा ऐकून बाहेर पडणं काय असतं ते अंक काढणाऱ्यालाच कळेल.

तुम्ही माझी जुनी ४ जीबीची रॅम त्या 'उडालेल्या' स्लॉटमध्ये लावलीत. मशीन चालू झालं. तिथेच मदरबोर्डचा प्रश्न मिटला होता. मी तेवढ्यावरही तुमचे आभार मानून उठले असते.

पण मग तुम्ही विचारलंत, काम काय करता? मी म्हटलं, डीटीपी आणि प्रुफं. तुम्ही ड्रॉवरमधून भिंग काढलंत, उघडा लॅपटॉप माझ्याकडे तोंड करून फिरवलात, जुनी आणि नवी रॅम शेजारी शेजारी ठेवलीत आणि म्हणालात, 'मग तुम्हीच वाचा. बारीक अक्षर तुम्हाला जास्त दिसणार.' वर मोबाइलचा टॉर्च धरून उभे राहिलात. मी वाचलं. जुनीवर पीसी३एल, १२८००. नवीवर पीसी३, १२८००. एक एल गळला होता. प्रुफात अशी चूक सापडली की मी समासात खूण करते. तुमच्या काउंटरवर नुसतीच हसले.

दादा, तुम्हाला ते एका नजरेत दिसलं होतं, हे मला ठाऊक आहे. रोज अशा शंभर पट्ट्या तुमच्या हातातून जात असतील. स्वतः सांगून मोकळे झाला असतात तर दोन मिनिटं वाचली असती, आणि मागे गिऱ्हाइकं ताटकळत होती. तरी मला वाचू दिलंत. त्या दुकानात ज्या बाईला 'टेक्निकल असतं' म्हणून गप्प केलं होतं, तिचं आयुष्य बारीक अक्षरं वाचण्यात गेलंय हे तिथे कुणाच्या मनातही आलं नव्हतं. मला नुसती दुरुस्ती मिळाली असती तर मी पैसे देऊन विसरले असते. ते भिंग विसरता येत नाही.

मग कारणही सांगितलंत. एल म्हणजे कमी व्होल्टेजची, १.३५ व्होल्टवर चालणारी, बिनएलची १.५ वर. माझा चौथ्या पिढीचा प्रोसेसर १.३५ व्होल्टचीच मागतो. पिना दोन्हींना २०४, खाचही एकाच जागी, म्हणून चुकीची रॅमसुद्धा टक् करून बसते आणि बसली म्हणजे जुळली असं वाटतं. त्या दुकानातलं तपासायचं मशीन आणखी जुनं, १.५ व्होल्ट देणारं असणार, म्हणून तिथे ती चालली. म्हणजे ते खोटं बोलत नव्हते, असंही तुम्हीच म्हणालात. मला त्यांच्याबद्दल एवढं चांगलं सुचलं नसतं. (अजूनही सुचत नाही. विकायच्या आधी लेबल वाचायला काय होतं?)

तुमच्या डब्यातून ८ जीबीची एल असलेली पट्टी निघाली तेव्हा मी पाकीट काढलं होतं. तुम्ही तिच्यावरच्या चिपा मोजल्यात आणि परत टाकलीत. आठच चिपा आहेत, इतक्या जास्त घनतेची चिप चौथ्या पिढीच्या प्रोसेसरला ओळखता येत नाही, दोन्ही बाजू मिळून सोळावाली हवी. ती शोधून दिलीत, आणि ती कुणाच्या तरी जुन्या मशीनमधून काढलेली आहे हेही पैसे घ्यायच्या आधी सांगितलंत. रात्रभर मेमटेस्ट, म्हणजे रॅम तपासणारा प्रोग्रॅम, लावा, एक जरी चूक दाखवली तरी परत आणा, म्हणालात. एकही दाखवली नाही.

आमच्या धंद्यातही अशी माणसं आहेत, त्यांच्याच जिवावर अंक निघतात. फर्मा (छापील पानांची घडी) उलटा लागलाय म्हणून रात्री फोन करणारा बाइंडर, 'हा कागद स्वस्त आहे पण पाठची शाई दिसेल' असं आधीच बजावणारा कागदवाला. त्यांच्या कामावर कुणाचंच नाव छापलं जात नाही. श्रेयनामावलीत संपादकाच्या मेव्हण्याचंसुद्धा नाव असतं, बाइंडरचं नसतं. यंदा पानं लावणारी मीच आहे, तेव्हा त्याबद्दल संपादकांशी थोडं भांडण होणार आहे.

अंक लागतोय. जाहिरातींची पानंही न थिजता उलटतात. विंडोज ११ या मशीनवर येणार नाही हे तुम्ही लपवलं नाहीत, त्यामुळे धोका नको म्हणून नेट बंद ठेवून काम करते आणि फायली मुलाच्या मशीनवरून पाठवते. एसएसडीचं, म्हणजे वेगवान डिस्कचं, विचारलं तर 'आत्ता नको, अंकाचे पैसे येऊ द्या' म्हणालात. दिवाळीनंतर येते. बॅकअप आधी घेऊन या असं सांगितलं होतंत, तो आजपासून घ्यायला लागलेय.

तुमची,
दिवाळी अंकवाली काकू