भूल देणाऱ्या मॅडमना

नमस्कार मॅडम,

तुम्हाला आम्ही आठवत नसू. त्या दिवशी दुपारी आम्ही पेढ्यांचा पुडा घेऊन खाली आलो, तोवर तुम्ही बॅग उचलून दुसऱ्या दवाखान्यात गेला होता. पेढे सर्जनसाहेबांना मिळाले, सिस्टरना मिळाले, मावशींनी तर दोन घेतले. तुमच्या वाट्याला बिलातली एक ओळ तेवढी आली. ते मनाला लागून राहिलं, म्हणून हे पत्र.

खूण सांगते. तासगावकडचं पोरगं, साडेतीन वर्षांचं, उजव्या जांघेत अंतर्गळ, म्हणजे हर्निया. तुमच्याकडे दोनदा आलेलं.

रडला की जांघेत लिंबाएवढा फुगार यायचा, निजला की गायब. सासूबाई म्हणायच्या, "वाढत्या अंगात जिरतं ते." त्यांच्या धाकट्या दिराची फुगलेली बेंबी तशीच जिरली होती म्हणे. सर्जनसाहेबांनी समजावलं, की बेंबीचं पुष्कळदा चार-पाच वर्षांपर्यंत आपोआप भरून येतं, जांघेतलं येत नाही. पोटातून खाली उतरणारी वाट जन्माच्या आसपास बुजायला हवी, ती याची उघडीच राहिलीय. त्यात आतडं अडकलं तर धावपळ होईल, त्यापेक्षा सवडीनं करून घ्या. मोठ्या माणसासारखी जाळी लागत नाही, पिशवीचं तोंड बांधायचं, अर्ध्या-पाऊण तासाचं काम. मिरजेत वानलेस साहेबांनी १८९४ साली दवाखाना उभा केला, तेव्हापासून आमच्या भागाला दुखलं-खुपलं की मिरजच दिसते. आम्हीही निघालो.

पहिल्या तारखेला काय झालं ते आज कबूल करते. बागेची छाटणी उरकून, मजुरांचं सगळं बघून ह्यांनी कसेबसे दोन दिवस काढले होते. आदल्या रात्री पोराचं अंग तापलं. मी औषध पाजलं आणि सकाळी तुम्ही विचारलंत तेव्हा सांगितलं, "नाही, ताप वगैरे काही नाही. नुसतं नाक वाहतंय." तुम्ही त्याच्या छातीला नळी लावली आणि त्यालाच विचारलंत, "काल काय काय खाल्लं रे?"

"भात. आणि गुलाबी औषध. गोड असतं."

तुम्ही माझ्याकडे एकदा पाहिलंत. बोलला काहीच नाहीत. तुम्ही ओरडला असतात तर मी भांडले असते, माझी तयारी होती. पण तुम्ही स्टूल ओढून बसलात आणि सांगितलंत, की सर्दी-तापात लहान मुलांची श्वासाची वाट चिडलेली असते, भुलीत घसा एकाएकी आवळून येऊ शकतो. "गाठ थांबू शकते, श्वास नाही थांबू शकत." मग कागदाच्या पाठीवर लिहून दिलंत: गाठ कडक झाली, आत जाईना, उलट्या लागल्या, तर रात्री दोन वाजता पण या.

परतताना गाडीत मी तुमच्याबद्दल जे बोलले ते इथे लिहीत नाही. तो कागद मात्र देव्हाऱ्याच्या फळीवर तीन आठवडे होता, आणि रोज रात्री मी गाठ चाचपून मगच झोपायची.

दुसऱ्या खेपेला यादीत पहिला नंबर त्याचाच लावलात. उपाशीपणाचाही तुम्ही बाऊ केला नाहीत. दूध-बिस्किट सहा तास आधी बंद, पण साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालेल, म्हणून पहाटे उठवून पाजायला सांगितलंत. (सासूबाईंच्या ओच्यातून बिस्किटचा पुडा मी स्वतः काढून घेतला. "लेकराला उपाशी मारताय व्हय?" हे वर ऐकलं.)

मला हिरवा गाऊन घालून आत घेतलंत. मास्कला जोडलेली रबरी पिशवी त्याला दाखवून म्हणालात, "हा फुगा तुझ्या फुंकरीनं हलतो बघ." सुई त्याला दिसलीच नाही, ती झोपल्यावर टोचलीत. डोळे वर जातील, हातपाय झटकेल, घाबरायचं नाही, हे आधी सांगितलं नसतं तर मी तिथेच आडवी झाले असते.

आणि एक गोष्ट तुम्ही सांगितली, जी आम्हाला कोणीच सांगितली नव्हती. "जागा होईल तेव्हा कदाचित तुम्हाला ओळखणार नाही. किंचाळेल, लाथा मारेल. दुखतंय म्हणून नव्हे, कमरेखाली बधिर केलेलं असेल. मेंदू अर्धवट जागा असतो. धरून बसा, ओसरेल." अगदी तसंच झालं. माझं पोर माझ्याच मांडीवर "आई पाहिजे" म्हणून ओरडत होतं. ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला. मी घड्याळ बघत बसले. वीसेक मिनिटांनी तो निपचित झोपला, आणि उठल्यावर पहिला प्रश्न, "माझा फुगा कुठंय?"

लघवी झाली आणि संध्याकाळी घरी सोडलं. दोन दिवस वेळच्या वेळी दुखण्याचं औषध दिलं, टाके आपोआप विरघळणारे होते. चौथ्या दिवशी साहेब द्राक्षाच्या मांडवाखाली पळत होते आणि आम्ही त्यांच्या मागे. सायकल तेवढी तीन आठवडे माळ्यावर टाकली.

आता घरी दवाखान्याचा खेळ चालतो. शेळीच्या करडाच्या तोंडावर वाटी धरतो आणि सासूबाईंना बजावतो, "डोळे वर जातील, घाबरायचं नाही."

द्राक्षं आणली असती, पण तुम्ही कुठल्या दवाखान्यात कधी सापडाल याचा नेम नाही, आणि द्राक्ष वाट बघत नाही. म्हणून यंदाच्या बेदाण्याचा डबा तिथल्या काउंटरवर ठेवलाय. झाकणावर 'भुलीच्या मॅडम' असं लिहिलंय. सर्जनसाहेबांनी उघडायच्या आत घेऊन जा.

तुमची,
गुलाबी औषधवाल्याची आई