आई, मिक्सर खुशाल लाव

प्रिय आई-बाबा,

संभाजीनगरला ताईकडून तुम्ही पाठवलेला बाळाचा फोटो पाहिला, नाक थेट बाबांचं आहे! फोनवर सांगायला घेतलं की आई मध्येच 'जेवलास का' विचारते आणि विषय राहून जातो, म्हणून लिहूनच टाकतो. कॅनडा कॉर्नरजवळ एका कोवर्किंगमध्ये मी टेबल घेतलंय. म्हणजे ऑफिसच असतं ते, फक्त एकेका टेबलाचं भाडं द्यायचं. पैसे भरलेत, एक तारखेपासून तिथे बसणार. आधी पूर्ण वाचा, मग फोन करा.

घरात त्रास होतो म्हणून चाललो असं अजिबात मनात आणू नका. उलट आहे. बाबा, खोकला आला की तुम्ही गॅलरीत जाऊन दार ओढून घेता, मला काचेतून दिसतं. बातम्या म्यूट करून खालच्या पट्ट्या वाचता. आईने मिक्सर लावणंच सोडलंय, दाण्याचं कूट खलबत्त्यात करते, तेही तो खांदा घेऊन. मी कधी काही बोललो नाही तरी तुम्ही दोघांनी आपापसात ठरवून टाकलंत. अमेरिकेचा कॉल साडेसातला, नोव्हेंबरात त्यांची घड्याळं मागे गेली की साडेआठला, म्हणजे आधी आईची रामरक्षा त्यात सापडते, नंतर तुमचं जेवण, आणि तुम्ही स्वयंपाकघरात कुजबुजत जेवता. आयुष्यभर हप्ते भरून घेतलेलं घर आहे ते तुमचं. मला खरंच बघवत नाही.

आता बाबा पैशाचं विचारतील. महिन्याला ४,५०० आणि वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५,३१०. तो जीएसटी मला परत मिळत नाही कारण माझं काम वर्षाला २० लाखांच्या आत, जीएसटी नंबर घेतलेला नाही, त्यामुळे पूर्ण ५,३१० खर्चच धरलाय. एका छोट्या ड्रॉइंगच्या कामात निघतात. गाळा भाड्याने घ्यायचंही पाहिलं, पण डिपॉझिट, फर्निचर, कमर्शियल दराचं लाइटबिल, वेगळं नेट, ते नकोच होतं मला. इथे लॉक-इन नाही, महिनाभर आधी सांगितलं की मोकळा. २०२७ ला सिंहस्थाच्या स्नानांना आपल्या पंचवटीतून गाडी काढता येणार नाही तेव्हा सरळ दोन महिने बंद ठेवेन.

गंगापूर रोडला एक चकाचक जागा होती, कॉफी फुकट, पैसे जवळपास दुप्पट आणि रात्री आठला बंद, माझं काम तर तेव्हाच रंगात येतं. सातपूरकडे स्वस्त होती, पण जनरेटर नाही, नुसता इन्व्हर्टर, शटडाऊनच्या दिवशी दोन तासांत तोही मान टाकणार. ही घेण्याआधी मी दिवसाचा पास काढून बसून पाहिलं. दुपारी सगळी टेबलं भरल्यावर अपलोडचा स्पीड तपासला, कारण डाउनलोड सगळेच दाखवतात, मला मात्र ड्रॉइंगच्या जड फाइली वर चढवायच्या असतात. कॉलसाठी दार लागणारी छोटी खोली आहे. रोज मिळेल त्या टेबलावर बसलं तर हजार रुपये वाचत होते, पण मोठा मॉनिटर रोज स्कूटरवर कुठे नेणार, म्हणून ठरलेलं टेबल घेतलं, खाली कुलपाचा ड्रॉवर आहे.

मी निघणार दुपारी बाराला. सकाळ पूर्वीसारखीच, दूध, भाजी, बाबांचं बीपी, फिरणं, सगळं मी आहे. रामवाडीच्या पुलावरून अशोकस्तंभ आणि पुढे, स्कूटरवर पंधरा मिनिटं. फिल्टरचं पाणी आहे, डबा गरम करायला ओव्हन आहे, खुर्चीला पाठ नीट टेकते. आई, डबा तूच दे पण पोळ्या तीनच.

बाबा, निमाणीला तुमची कंपनीची बस यायची तेव्हा मी आईचा पदर धरून उभा असायचो आणि तुम्ही रिकामा डबा माझ्या हातात द्यायचात, त्यात एक बिस्कीट हमखास असायचं. कामाला जायचं म्हणजे डबा घेऊन घराबाहेर पडायचं, हे तेव्हापासून मनात बसलंय. मलाही तसं जायचंय हो. तुमच्यापासून लांब नाही, फक्त कामाला.

आता नीट ऐका. रक्त पातळ करायची गोळी एक दिवसही चुकवायची नाही, ताईकडे पाहुणे आले तरी नाही, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणीही सांगितलं म्हणून बंद करायची नाही. रात्री माझ्यासाठी थांबायचं नाही, आठला जेवायचं, माझं ताट झाकून ठेवा. छातीत जरा जरी दाबल्यासारखं वाटलं तर 'गॅसेस असतील' म्हणून ओवा खात बसू नका, आधी १०८ लावायचा, मग मला. दोघांचेही फोन सायलेंटवर नकोत. खालच्या काकूंकडे एक किल्ली दिलीय.

परत येताना संभाजीनगरहून तपोवन एक्सप्रेसनेच या, बस नको, बाबांना इतका वेळ बसवत नाही. नाशिकरोडला मी घ्यायला येतो. ताई पिशव्या भरून देईल त्या बाबांनी उचलायच्या नाहीत. तारीख आज रात्रीच कळवा, रिझर्व्हेशन संपतं.

तुमचा,
बाळू