पेत्राने नेमके किती वेळा नाकारले?

मा. संपादक,
स.न.

आपल्या गुड फ्रायडेच्या लेखावर दोन वाचकपत्रे आली. एकाने विचारले, मत्तय, मार्क, लूक, योहान या चार शुभवर्तमानांत, म्हणजे येशूच्या चार चरित्रवृत्तांतांत, चार तऱ्हा असतील तर विश्वास कशावर ठेवायचा? दुसऱ्याने ठणकावले, बायबलमध्ये एकही विसंगती नाही. मी ख्रिस्ती आहे, तरी दुसरे पत्र मला जास्त खटकले.

कित्येक विसंगती वरवरच्या आहेत, हे खरेच. कफर्णहूम गावचा शताधिपती, म्हणजे शंभर सैनिकांवरचा अधिकारी, आजारी चाकरासाठी मत्तयात स्वतः येशूकडे येतो, तर लूकमध्ये यहुदी वडीलधाऱ्यांना पाठवतो. कलेक्टरांनी रस्ता बांधला म्हटले म्हणून त्यांनी घमेले उचलले, असे कुणी समजत नाही. योहान येशूच्या रिकाम्या कबरीपाशी फक्त मग्दालीया मरिया या अनुयायी बाईचे नाव घेतो. पण धावत येऊन ती येशूचा प्रमुख शिष्य पेत्र याला सांगते, ‘त्याला कुठे ठेवले हे आम्हाला ठाऊक नाही.’ त्या ‘आम्हाला’तल्या बाकीच्या बायका इतर तिघांकडे भेटतात.

आता कोंबड्याचे पाहा. येशूला पकडले त्या रात्री, ‘मी त्याला ओळखत नाही’ असे पेत्राने सांगितले, तो हा प्रसंग. मार्कमध्ये येशू त्याला आधीच म्हणतो, कोंबडा दोनदा आरवण्यापूर्वी तू मला तीनदा नाकारशील. बाकीचे तिघे ‘दोनदा’ म्हणत नाहीत. पेत्राला हटकणारी माणसेही बदलतात: कुठे तीच दासी, कुठे दुसरी, योहानात तर पेत्राने ज्याचा कान कापला त्याचा नातलग. सगळेच्या सगळे अक्षरशः जुळावे म्हणून 1976 मध्ये एका अमेरिकी लेखकाने सहा नकारांचा हिशेब उचलून धरला: पहिल्या आरवण्याआधी तीन, दुसऱ्याआधी तीन. चारही शुभवर्तमानांचे एकमत आहे ते नेमके ‘तीन’ या आकड्यावर! बायबल वाचवण्याच्या नादात बायबलमध्ये कुठेच नसलेला आकडा हाती आला. हा रोग जुनाच. 1537 मध्ये ओसियांडर या जर्मन धर्मसुधारकाने तपशील वेगळा म्हणजे प्रसंगच वेगळा असे धरले, आणि येशूने मरणातून उठवलेल्या याईराच्या मुलीला एकाहून अधिक वेळा मरून उठावे लागले.

काही गाठी तर सुटतच नाहीत. मार्कप्रमाणे येशूचे शिष्यांसोबतचे शेवटचे भोजन हेच वल्हांडण या यहुदी सणाचे भोजन. योहानात मात्र वल्हांडणाचे भोजन अजून व्हायचे आहे. विटाळ होऊन ते भोजन चुकू नये म्हणून येशूला पकडून आणणारे रोमी सुभेदार पिलाताच्या वाड्यात पाऊल टाकत नाहीत. दोन वेगळी पंचांगे होती असे सांगून अभ्यासकांनी हा मेळ घालून पाहिला आहे. मला ते ओढूनताणून वाटते. येशूला ‘देवाचा कोकरा’ म्हटलेले योहानाच्याच शुभवर्तमानात आहे. वल्हांडणाची कोकरे कापण्याच्या दिवशीच येशूचा मृत्यू दाखवण्यात योहानाला काही सांगायचे आहे. दिवस जुळवून टाकला की ते सांगणेच पुसले जाते.

पहिल्या पत्रलेखकांसाठी एवढेच, की विसंगती झाकायची संधी चर्चला फार पूर्वी मिळाली होती. सुमारे इ.स. 170 मध्ये तातियानाने चारही शुभवर्तमाने एका सलग कथेत विणली. सीरियातल्या मंडळ्यांत ती पिढ्यान्‌पिढ्या वाचली जात होती. पाचव्या शतकात बिशप थिओडोरेट यांनी तिच्या दोनशेहून अधिक प्रती गोळा करून बाजूला काढल्या आणि त्या जागी चार स्वतंत्र शुभवर्तमाने ठेवली.

पुढच्या वर्षी या विषयावर लेख छापणार असाल तर एक विनंती: एखादा प्रसंग चारही वृत्तांतांतून शेजारीशेजारी स्तंभांत छापावा. भाष्य नसले तरी चालेल.

– एक वाचक, वसई