सोंग उतरवायचं राहूनच गेलं

नागपूर, रविवार रात्र

प्रिय दोस्ता,

तुझा मेसेज परवाच वाचला पण दोन ओळीत उत्तर द्यावंसं वाटलं नाही, म्हणून आता बसून लिहून राहिलो. काकूंना तो मुलं पळवणाऱ्या टोळीचा खोटा फॉरवर्ड आला, त्या रात्रभर दाराला कडी लावून जाग्या बसल्या, आणि तू विचारलंस की असलं बनवणाऱ्याले मिळते तरी काय बे.

मला पहिले आपल्या महाल भागातल्या वाड्यात यायचा तो बहुरूपी आठवला. फौजदाराचा ड्रेस, काखेत वही, आजीला दरडावून सांगायचा की तुमच्या नावाचं वॉरंट आहे, आजीचा चेहरा उतरला की लगेच हसून वाकून नमस्कार करायचा, मग आजी सूपभर तांदूळ द्यायची आणि दिवसभर शेजारणींना तेच सांगत बसायची. समोरचा आपल्यावर पूर्ण विश्वास ठेवून राहिला हे बघण्यात एक नशा असते रे, ती आपल्या सगळ्यांत आहे. पण तो माणूस त्याच उंबरठ्यावर सोंग उतरवायचा.

२०१८ ला फिरलेला तो व्हिडिओ आठवतो? बाईकवरचे दोघं रस्त्यावरून पोरगं उचलतात. तो कराचीच्या एका संस्थेने लोकांनी पोरांकडे लक्ष द्यावं म्हणून बनवला होता, शेवटी ते दोघं पोराला परत आणून सोडतात आणि पाटी दाखवतात. कोणीतरी नेमका तेवढा शेवट कापला आणि आपल्याकडे पसरवला. म्हणजे सोंग उतरवायची जागाच काढून टाकली. त्याच वर्षी १ जुलैला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला, पोरं पळवणारे आले या अफवेवर, मंगळवेढ्याकडचे ५ नाथपंथी डवरी गोसावी जमावाने मारले. भिक्षा मागत गावोगाव फिरणारी माणसं, आपल्या बहुरूप्यासारखीच. मला अजून ते वाचवत नाही.

पण सगळेच काही दुष्ट नसतात. इंग्लंडमध्ये १९१७ साली एल्सी आणि फ्रान्सिस नावाच्या दोन मावसबहिणींनी कागदी पऱ्या कापून, टाचण्यांनी उभ्या करून फोटो काढले. घरच्यांची गंमत करायची होती, पण शेरलॉक होम्सवाल्या कॉनन डॉयलने ते खरे मानले, आणि एवढ्या मोठ्या माणसाला आता कसं सांगायचं या लाजेने त्या गप्प राहिल्या. कबूल केलं १९८३ मध्ये, म्हाताऱ्या झाल्यावर. ६६ वर्षं!

हे वाचलं तेव्हापासून मला झोप नाही, कारण अकरावीत आपल्यासोबतच्या त्या पोराला एका पोरीच्या नावाने आलेली चिठ्ठी आपण दोघांनी लिहिली होती. अक्षर माझं, मजकूर तुझा. तो बिचारा नवीन शर्ट घालून अंबाझरीला अंधार पडेपर्यंत थांबला, आपण झाडामागून पाहून राहिलो होतो, हसत होतो, आणि तो उठून निघाला तेव्हा समोर जायची हिंमत दोघांचीही झाली नाही. त्याला अजून वाटतं की ती पोरगी आली नाही. मागच्या वर्षी लग्नात भेटला तेव्हाही म्हणाला, एकदा तिला विचारायचं आहे.

तो आता सक्करदऱ्याला राहतो. पुढच्या रविवारी मी जाऊन सांगणार आहे. तू पुण्याहून येऊ शकशील का? नाही जमलं तर फोन तरी चालू ठेव, सकाळी दहाच्या सुमारास.

काकूंना नमस्कार सांग आणि त्या व्हिडिओचा शेवट काय होता तेही सांग.

तुझाच,
महालवाला