ठोके सुधारले, मूल मात्र बाकावरच

मा. संपादक, स. न. वि. वि.

मुलाच्या हृदयाच्या अनियमित ठोक्यांवरचे उपचार यशस्वी झाले की नाही, हे ईसीजी पाहून ठरते. ते पुन्हा धावते का, रात्री एकटे झोपते का, हे कोणी विचारत नाही. विचारलेच तर उत्तर आई-वडील देतात, आणि मुलाचे उत्तर अनेकदा वेगळेच असते. दोघांना स्वतंत्रपणे विचारावे.

शाळेत सगळ्या ‘हार्टच्या मुलां’ना एकच नियम लागतो, तो चुकीचा आहे. हृदयातला जन्मजात जादा विद्युतमार्ग ॲब्लेशनने, म्हणजे जांघेतून नळी घालून, जाळला की मूल बहुतेकदा पूर्ण बरे होते. जांघेतली जखम भरेपर्यंत साधारण आठवडाभर उड्या आणि जड दप्तर नको. पुढे डॉक्टरांच्या परवानगीने सगळे खेळ चालतात. काही आठवडे एखादा ठोका चुकल्यासारखा वाटतो, तेवढ्यावरून आजार उलटला असे होत नाही. धडधड अचानक सुरू होऊन अचानकच थांबली, नाडी १८०च्या वर गेली, तर मात्र ती चालू असतानाच ईसीजी काढून घ्यावा. तरीही ‘पी.टी.तून सूट’ची चिठ्ठी वर्षानुवर्षे फाइलमध्ये राहते!

लाँग क्यूटीचे, म्हणजे ठोके अचानक धोकादायकरीत्या बिघडू शकणाऱ्या विद्युतदोषाचे, मूल वेगळे. त्याची गोळी एक दिवसही चुकवून चालत नाही. प्रोप्रानोलॉल या त्यासाठी दिल्या जाणाऱ्या औषधाने थकवा येतो, हातपाय गार पडतात, वाईट स्वप्ने पडतात. वर्गात त्याला आळशी ठरवतात. हे औषध घेणारे लहान मूल उपाशी राहिले किंवा उलट्या झाल्या तर साखर उतरू शकते. त्रास होत असेल तर औषध बदलता येते, पण ते परस्पर बंद करू नये.

सर्वांत खोल भीती आयसीडीच्या, म्हणजे धोकादायक ठोके शॉक देऊन थांबवणाऱ्या, शरीरात बसवलेल्या यंत्राच्या शॉकची. काही शॉक नाहक बसतात: पळताना नाडी यंत्रात ठरवलेल्या मर्यादेपुढे जाते, किंवा वाढत्या अंगाबरोबर ताणलेली वायर तुटते. शॉक जिथे बसला तिथे मूल पुन्हा पाऊल टाकत नाही. म्हणून ट्रेडमिल चाचणी करून मर्यादा नीट बसवावी आणि समुपदेशन पहिल्या शॉकची वाट न पाहता सुरू करावे.

शाळेला द्यायच्या पत्रात आजाराचे नाव, काय चालेल, काय नाही आणि पत्राची मुदत लिहावी. मुदत वर्षाहून जास्त नको. मूल कोसळले, प्रतिसाद देत नसेल आणि श्वास नीट चालत नसेल, तर मिनिटाला १०० ते १२० या गतीने छाती दाबायला लगेच लागावे, एईडी (बाहेरून शॉक देणारे स्वयंचलित यंत्र) मागवावा. आत आयसीडी आहे म्हणून थांबू नये. दाबणाऱ्याला त्याचा झटका लागलाच, तरी तो सहसा सौम्य असतो.

– बालहृदयरोग विभागातील काही डॉक्टर व परिचारिका